आवाजाची हद्दबंदी

महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हद्द या शब्दाचे अगत्य असणे स्वाभाविक आहे. शेताला हद्द असते, गावाला असते, परगण्याला असते. आणि ती कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने आखली याचा शोध घेऊ लागले की बहुधा एक लहानसा इतिहास हाती लागतो. आवाजालाही अशीच हद्द आखलेली आहे हे मात्र आपल्या फारसे ध्यानात येत नाही. दूरध्वनीवरून जो मानवी आवाज गेली अनेक दशके आपल्या कानी पडत आला, त्याची खालची हद्द ३०० हर्ट्झ आणि वरची ३४०० हर्ट्झ अशी होती. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने. निरोगी तरुण कानाला सुमारे वीसपासून वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. या विस्तीर्ण मुलखातून दूरध्वनीने जेमतेम तीन हजारांची एक पट्टी आपल्या ताब्यात घेतली आणि बाकीचे सारे रान बाहेर ठेवले. ही पट्टी कोणी मोजली, तिच्यामुळे काय गमावले गेले आणि पुढे आवाजाचे आकड्यांत रूपांतर होऊ लागले तेव्हा तीच जुनी हद्द नव्या व्यवस्थेने कशी वारशाने घेतली, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव पहिल्या मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेले आहे. इंदूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवरचे हे गाव देपालपूरच्या मुलखात येते आणि चंबळ नदी या भागातून वाहत जाते. १९८०च्या दशकात या बाजूला नोकरी करीत असताना पावसाळ्यात नदीच्या पाण्याच्या खबरा दूरध्वनीवरून द्याव्या-घ्याव्या लागत. ट्रंक कॉल लावायचा, तासन्‌तास वाट पाहायची आणि जोडणी मिळाली की ओरडून बोलायचे, असा तो काळ. त्या वेळी एक गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. 'सात' आणि 'साठ' हे दोन आकडे तारेवरून कधीही नुसते सांगायचे नाहीत. 'साठ, छह शून्य', 'सात, अकेला सात' अशी फोड करूनच ते सांगायचे. मराठी बोलणाऱ्यांची आणि हिंदी बोलणाऱ्यांची अडचण येथे एकच होती. आम्ही त्याचा दोष तारांना, ओलसर हवेला आणि खांबांवर बसणाऱ्या पाखरांना देत असू. तारांचा दोष थोडाफार होताच. परंतु तार अगदी निर्दोष असती तरीही ही अडचण पुरती गेली नसती, कारण दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ठ' यांतला भेद ओळखण्यास कानाला ज्या खुणा लागतात, त्यांतल्या काही ३४०० हर्ट्झच्या पलीकडे राहतात. 'स'चा सीत्कार तर बहुतांशी चार हजारांच्या वरच असतो. म्हणून दूरध्वनीवर 'स' आणि 'फ' ऐकताना घोटाळा होतो, आणि एखादे नाव सांगताना 'सफरचंदातला स' अशी पुस्ती जोडावी लागते.

मराठीपुरते आणखी एक उदाहरण देतो. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य. लिहिताना दोन्ही एक, उच्चारात मात्र पहिला 'ज' दंत्य आणि दुसरा तालव्य. दंत्य च-ज यांतील घर्षण अधिक वरच्या कंपनांत असते. ते कापले गेले की दोन्ही 'जरा' एकमेकांच्या जवळ सरकतात. संदर्भावरून आपण अर्थ लावतो आणि आपल्याला ऐकू आले असे समजतो. वास्तविक आपण ऐकलेले नसते, ओळखलेले असते.

ही हद्द ठरली ती पैशाच्या हिशेबाने. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे एकस्व मिळाले तेव्हा एका तारेच्या जोडीवरून एकच संभाषण जात असे. दूरच्या शहरांमध्ये तांब्याच्या तारा टाकणे अतोनात खर्चाचे असल्यामुळे एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित झाली. प्रत्येक संभाषण वेगवेगळ्या उंचीच्या वाहक लहरीवर बसवायचे आणि दुसऱ्या टोकाला ते उतरवून घ्यायचे. आता एकेका संभाषणाला जितकी रुंद पट्टी द्यावी तितकी तारेवर मावणाऱ्या संभाषणांची संख्या कमी होणार. अखेरीस दर संभाषणाला ४००० हर्ट्झचा भूखंड देण्यात आला. शेजारच्या भूखंडांत बोलणे झिरपू नये म्हणून दोन्ही बाजूंना बांध सोडला आणि लागवडीखाली ३०० ते ३४०० एवढेच क्षेत्र उरले. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर व त्यांचे सहकारी यांनी निरर्थक अक्षरे तारेवरून ऐकवून श्रोत्यांना ती कितपत ओळखता येतात याच्या असंख्य चाचण्या घेतल्या होत्या. सुटी अक्षरे चुकतात, पण वाक्ये समजतात, हे त्यांतून दिसून आले, आणि व्यवहाराला तेवढे पुरेसे होते. ही अक्षरे इंग्रजी उच्चारांची होती. महाप्राण आणि अल्पप्राण, दंत्य आणि मूर्धन्य असे चारपदरी भेद जपणाऱ्या भाषांचा विचार तेथे कोणी केला असण्याचे कारण नव्हते. मात्र पुढे आंतरराष्ट्रीय संकेतांतून तीच पट्टी साऱ्या जगाला लागू झाली. याला मी अन्याय म्हणणार नाही. तथापि ज्याने मोजणी केली त्याच्या बोलीत मोजणी झाली, एवढे नमूद करणे अगत्याचे वाटते.

एक चमत्कारिक बाब येथेच सांगून टाकावी. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे शंभर ते दीडशे हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे दूरध्वनीच्या खालच्या हद्दीच्याही खाली. तो तारेवरून जातच नाही. तरीही पलीकडचा माणूस जाड आवाजाचा आहे की बारीक हे आपल्याला बिनचूक कळते. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे उपस्वर असतात, त्यांच्यातील सारख्या अंतरावरून मेंदू गैरहजर मुळाचा अंदाज बांधतो. वरची बाजू कापली गेली तर मात्र अंदाज बांधायला काहीच उरत नाही. म्हणून 'स' हरवतो तो कायमचाच.

आता आकड्यांकडे वळू. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचा सतत चढउतार. हा चढउतार ठरावीक अंतराने मोजून केवळ ती मोजमापे पाठवली, तर पलीकडे मूळ आवाज पुन्हा उभा करता येईल काय? येत असेल तर दर सेकंदाला किती मोजमापे, म्हणजे किती नमुने घ्यावेत? स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत दूरध्वनी कंपनीत काम करणारे हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्रासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. पट्टीची रुंदी जितकी असेल तिच्या दुप्पट स्पंद दर सेकंदाला तिच्यातून स्वतंत्रपणे पाठवता येतात, असे त्यांनी दाखवले. आवाजाचे नमुने घेण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. परंतु तो सिद्धान्त उलट्या बाजूने वाचला की हेच उत्तर मिळते. गणिती अंगाने ब्रिटिश गणितज्ञ व्हिटेकर १९१५ सालीच याच्या जवळ पोहोचले होते, रशियात कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ साली तो स्वतंत्रपणे मांडला आणि १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी त्याला आज सर्वमान्य असलेले रूप दिले. सर्वाधिक कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले असता मूळ लहर पूर्णपणे परत मिळते, असा तो नियम आहे. नाव मात्र नायक्विस्ट यांचे रूढ झाले. शोधांच्या सातबाऱ्यावर पहिल्या खातेदाराचे नाव नेहमीच चढते असे नाही.

हा नियम समजण्यास नदीचे उदाहरण सोयीचे पडते. समजा, एखादी नदी दर चोवीस तासांत एकदा चढते आणि एकदा उतरते. पाणीपातळीची नोंद रोज सकाळी आठलाच होत असेल, तर नोंदवहीत पाणी कायम एकाच पातळीवर दिसेल आणि पूर आला-गेला याचा मागमूस राहणार नाही. चढ आणि उतार दोन्ही धरायचे तर एका फेऱ्यात दोनांहून अधिक नोंदी हव्यात. याहून विलक्षण प्रकार पाहायचा असेल तर घड्याळाचा मिनिटकाटा दर पंचावन्न मिनिटांनी एकदाच पाहावा. तो बारावरून अकरावर, अकरावरून दहावर असा उलटा चाललेला दिसेल. दर साठ मिनिटांनी पाहिला तर तो जागचा हलणारच नाही. चित्रपटात धावत्या रथाची चाके उलटी फिरताना आपण पाहतो ते याच कारणाने, कारण सेकंदाला चोवीस चित्रे हे चाकाच्या आऱ्यांना अपुरे पडतात.

तेव्हा कमी नमुने घेतल्याने वरची कंपने केवळ सुटत नाहीत, ती खोट्या रूपाने आत शिरतात. सेकंदाला ८००० नमुने घेत असताना ५००० हर्ट्झचा नाद आत आला, तर तो ३००० हर्ट्झचा म्हणून नोंदला जातो, आणि एकदा नोंदला गेला की खऱ्या तीन हजारांपासून त्याला वेगळे काढण्याचा कोणताही उपाय नाही. एवंच, नमुने घेण्याच्या आधीच हद्दीपलीकडचे सर्व नाद गाळून टाकणे भाग पडते. चाळणी आधी, मोजणी नंतर. अंकीय ध्वनीच्या संपूर्ण शास्त्रात हा क्रम मोडून चालत नाही.

आवाज आकड्यांत पाठवण्याची प्रत्यक्ष योजना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३८ साली पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना एकस्वाच्या रूपाने मांडली. तारेवरून दूर जाताना आवाजाबरोबर खरखरही वाढत जाते; आकडे पाठवले तर वाटेतल्या ठाण्यांवर ते पुन्हा स्वच्छ लिहून पुढे धाडता येतात, ही त्यामागची मूळ कल्पना. त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हांनी हे यंत्र उभारणे परवडणारे नव्हते. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि १९६२ साली अमेरिकेत बेल कंपनीने चोवीस संभाषणांची अंकीय वाहिनी प्रत्यक्ष सुरू केली. तीत दर सेकंदाला ८००० नमुने घेतले जात. का, तर वाहक लहरींच्या युगात दर संभाषणाला ४००० हर्ट्झचा भूखंड मिळाला होता, आणि त्याची दुप्पट आठ हजार. तांब्याच्या तारेच्या काटकसरीसाठी आखलेली हद्द, तारेची ती अडचण सुटल्यानंतरही नव्या दप्तरात जशीच्या तशी उतरली. जुन्या मोजणीचे नकाशे नव्या बंदोबस्तात कसे टिकून राहतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

आपल्याकडे युरोपीय पद्धतीची तीस संभाषणांची वाहिनी स्वीकारली गेली. प्रत्येक नमुना आठ अंकी लिहायचा, म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० द्विमान अंक. आणि तीस संभाषणे व व्यवस्थेसाठी दोन जागा धरून २०,४८,०००. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तेथे जे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार झाले, ते धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे होते. त्याच्या पोटातही सेकंदाला आठ हजार नमुन्यांचाच हिशेब चाले. पुढच्या दशकात देशभर लहान गावांच्या बाजारपेठांतून पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकाने उघडली आणि ओरडून बोलण्याची गरज संपली. आवाज स्वच्छ झाला, खरखर गेली. रुंदी मात्र तेवढीच राहिली. मोबाइल आल्यावरही प्रथम तेच आठ हजार नमुने कायम होते, वर ते आणखी दाबून पाठवले जात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी गौतमपुऱ्यात तुर्रा आणि कलगी या दोन पक्षांत हिंगोटाची लढाई होते. पेटते हिंगोट कानाजवळून सूं करीत जाते तो आवाज बव्हंशी उंच कंपनांचा असतो. त्या मैदानावरून कोणी मोबाइलवर बोलू लागला की परगावी ऐकणाऱ्याला भाजणीसारखे तडतडणे आणि माणसांचा गलका तेवढा ऐकू येई. सेकंदाला १६,००० नमुने घेणारी आणि ५० ते ७००० हर्ट्झचा आवाज नेणारी पद्धत आपल्याकडे सर्वसामान्यांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती २०१६ नंतर, चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून संभाषणे जाऊ लागली तेव्हा. दोन्ही टोकांना तशी सोय असेल तर आता 'सात' आणि 'साठ' वेगळे ऐकू येतात. वय वाढते तशी कानांचीच वरची हद्द खाली सरकत जाते, त्यामुळे माझ्यासारख्यांना या सुधारणेचा लाभ व्हावा तितका होत नाही, हे अलाहिदा.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. संगीतप्रेमी मंडळींत, विशेषतः जुन्या तबकड्यांचा संग्रह बाळगणाऱ्यांत, असे नेहमी बोलले जाते की अंकीय ध्वनिमुद्रणात दोन नमुन्यांच्या मधला आवाज हरवतो, मींड तुटते, श्रुती निसटते. आपल्या संगीताचा जीव दोन स्वरांच्या मधल्या जागेत असल्यामुळे ही तक्रार मनाला चटकन पटते. मला ती मान्य नाही. ज्या हद्दीपर्यंत नियम पाळून नमुने घेतले आहेत, त्या हद्दीच्या आत दोन नमुन्यांमध्ये काहीही हरवत नाही. लहर पूर्णपणे परत मिळते, असेच शॅनन यांची सिद्धता सांगते. मींड ही तर नमुन्यांच्या वेगापुढे अतिशय संथ गोष्ट आहे. एका सेकंदाच्या मींडेत हजारो नमुने येतात. हानी होते ती हद्दीच्या वर, किंवा नमुना लिहिण्यास पुरेसे अंक न दिल्याने, किंवा पुढे जागा वाचवण्यासाठी केलेल्या दाबादाबीत. दोष नेमका कोठे आहे हे न पाहता सर्व अंकीय ध्वनी निर्जीव ठरवल्याने नुकसान आपलेच होते, कारण मग ज्या ठिकाणी सावध राहायला हवे तेथे आपण सावध राहत नाही.

संगीताचा हिशेब करून पाहू. पुष्कळ गवई काळी एक हा षड्ज धरतात. त्याची कंपने १३८.६. या स्वराचे उपस्वर म्हणजे याच्या दुप्पट, तिप्पट असे चढत जातात. दूरध्वनीच्या पट्टीत त्यांतले पहिले दोन येत नाहीत आणि चोविसाव्याच्या वरचे येत नाहीत. वीस हजारांच्या हद्दीत १४४ उपस्वर मावतात. सर्वच ऐकू येण्याइतके बलवान नसतात हे खरे. पण तंबोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्यांच्या घोडीवर अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूवर ज्यांचा स्थिरांक पडतो ते उपस्वर उमटू नयेत असे तोवर प्रचलित शास्त्र सांगे. रुंद, वक्र घोडीच्या आपल्या वाद्यांत मात्र ते स्पष्ट उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले. जवारी लागलेला तंबोरा म्हणजे उपस्वरांचे भांडार. तेव्हा वरची हद्द खाली आणली की तंबोरा सर्वांत आधी गरीब होतो.

हे आपल्या देशात १९०२ पासून घडत आले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी विजेचा संबंध नव्हता. गायकाने भोंग्यासमोर उभे राहून गायचे, त्या आवाजाच्या जोराने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडे या रचनेची पोच नव्हती. म्हणजे काळी एकचे जेमतेम अठरा उपस्वर. खालच्या बाजूलाही सुमारे दोनशेच्या खाली भोंगा बहिरा होई. त्यामुळे उंच, टोकदार, ताकदीने फेकलेले आवाज तबकडीवर उठून दिसत आणि खर्जातले गंभीर आवाज बसून जात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या याच भोंग्याच्या काळातल्या, आणि १९३०च्या दशकातल्या मायक्रोफोनच्या. दोन्ही एकापाठोपाठ ऐकाव्यात. वयाचा फरक आहेच, परंतु तंबोरा असल्याचा भास दुसऱ्या वेळी होतो तो फरक गळ्याचा नव्हे, यंत्राचा आहे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि वरची हद्द एका उडीत पाच हजारांच्या आसपास गेली.

इंदूरकरांच्या दृष्टीने येथे एक विचार मनात येतो. उस्ताद अमीर खाँ इंदुरात वाढले. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सेवेला होते. अमीर खाँसाहेबांच्या गायकीचे सारे वैभव अतिविलंबित लयीत आणि मंद्र सप्तकात. काळी एकचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झला येतो आणि मंद्र षड्ज ६९ला. भोंग्याच्या काळात हा गळा जन्माला आला असता तर तबकडीवर त्याचा अर्धा भाग उमटलाच नसता, आणि उरलेल्या अर्ध्याला तीन मिनिटांची मर्यादा पडली असती. १९१२ साली त्यांचा जन्म झाला आणि ते पन्नाशीकडे झुकत असताना दीर्घ वादनाच्या तबकड्या आपल्याकडे रुळू लागल्या, हा योग म्हणावा लागेल. त्यांचा मारवा आणि दरबारी एकाच तबकडीच्या दोन बाजूंना आहेत. मारव्यातला तो खालचा धैवत आज आपल्याला ऐकायला मिळतो, त्यात गळ्याच्या पुण्याईबरोबर हद्द योग्य वेळी सरकल्याचाही वाटा आहे.

आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. मालवा हाउसमधून निघालेले सूर मध्यम लहरींवरून माळव्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचत. ६४८ किलोहर्ट्झ हा आकडा पुष्कळांच्या अजून तोंडपाठ असेल. मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये परस्परांत नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली झाला आणि १९७८ पासून तो अमलात आला. म्हणजे आवाजाच्या वाट्याला सुमारे साडेचार हजारांची हद्द आली. देवासहून कुमार गंधर्व आणि इंदूरहून अमीर खाँ यांना आमच्या पिढीने प्रथम ऐकले ते या साडेचार हजारांच्या आत. एफ.एम. केंद्रांची हद्द पंधरा हजारांची. रेडिओ मिरचीचे देशातले पहिले केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये इंदुरातच सुरू झाले. रुंदी तिपटीहून अधिक वाढली आणि त्या रुंदीतून काय ऐकावे लागले याविषयी न बोललेले बरे. असो.

सीडीच्या ४४,१०० या विचित्र आकड्याचे मूळ थोडक्यात सांगतो. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार, चाळणीसाठी थोडी जागा हवी. पण नेमके ४४,१००च का? सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८०च्या सुमारास सीडीचे मानक ठरवले तेव्हा एवढे आकडे साठवू शकेल असे सोयीचे साधन म्हणजे दूरचित्रवाणीची व्हिडिओ फीत हेच होते. चित्राच्या प्रत्येक रेषेवर तीन नमुने बसवत. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला साठ क्षेत्रे आणि प्रत्येकात २४५ उपयुक्त रेषा. युरोपीय पद्धतीत पन्नास क्षेत्रे आणि २९४ रेषा. दोन्हींचा गुणाकार ४४,१०० येतो. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात सीडी विक्रीस आली आणि कालबाह्य झालेल्या फितीचा आकडा कायमचा राहून गेला. याच दुपटीच्या नियमावर पुणे जिल्ह्यात खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीणही चालते. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या त्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीत अलीकडच्या सुधारणेनंतर ४० कोटी हर्ट्झची पट्टी घेतली जाते आणि त्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने. आकाशगंगेचा संकेत असो की गौतमपुऱ्याचा ट्रंक कॉल, गणित एकच.

आता मुख्य मुद्दा. हद्दीबाहेर राहिलेले पुन्हा आत आणता येते काय? १९७०च्या दशकात अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम यांनी एन्रिको कारुसो या इटालियन गायकाच्या भोंग्याच्या काळातील मुद्रिका संगणकाद्वारे सुधारल्या आणि १९७६ साली त्या प्रसिद्ध झाल्या. भोंग्याचा स्वतःचा जो घुमारा आवाजात मिसळला होता तो त्यांनी मोजून वजा केला आणि आवाज पुष्कळ मोकळा झाला. मात्र जे उपस्वर मेणावर उमटलेच नव्हते ते त्यांना परत आणता आले नाहीत. आज संगणक अंदाजाने वरचे स्वर भरून देऊ शकतो. पण तो अंदाज असतो, साक्ष नव्हे.

इंदूर, देवास, उज्जैन आणि तिकडे ग्वाल्हेर येथील मराठी घरांतून मैफलींच्या स्पूल फिती आणि कॅसेटी अद्याप पडून आहेत. गणेशोत्सवातली गाणी, घरगुती बैठका, एखाद्या वृद्ध गवयाने नातवंडांना शिकवलेली चीज. यांतले पुष्कळसे अन्यत्र कोठेही नाही. व्यावसायिक तबकड्यांची चिंता वाहण्यास मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारखी संस्था १९९० पासून झटत आली आहे; घरगुती फितींना मात्र वाली घरातलाच. आणि घरातल्या उत्साही तरुणांकडून सर्वसाधारणपणे असे घडते की फीत एकदा वाजवून तिची एमपी-थ्री प्रत काढली जाते आणि मूळ फीत रद्दीत जाते. एमपी-थ्री पद्धतीत, विशेषतः १२८च्या रूढ दरात, सोळा हजारांच्या वरचे बहुधा सारेच टाकले जाते, आणि त्याच्या खालचेही जे कानाला जाणवणार नाही असे गणिताला वाटते ते टाकले जाते. तंबोऱ्याच्या जवारीविषयी त्या गणिताचे मत काय आहे, हे कोणी विचारलेले नसते.

ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस निदान ४८,००० नमुन्यांची आणि चोवीस अंकांची आहे. प्रत्यक्षात पुष्कळ संग्रहालये ९६,००० घेतात. साठी उलटलेल्या कानाला दहा हजारांच्या वरचे फारसे कळत नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असे मला विचारण्यात आले आहे. जुन्या फितीवरील खटके आणि खरखर नंतर कधी काढायची तर त्यांची पूर्ण नोंद हाती असावी लागते, हे एक कारण. नातवाचे कान वीस हजारांपर्यंत ऐकतात, हे दुसरे. तथापि आकडा मोठा घेतला म्हणजे सर्व मिळाले असेही नाही. पुष्कळांनी फीत वाचावी म्हणून स्पूल सेकंदाला पावणेचार इंचांच्या संथ गतीने चालवली होती. साडेसात इंचांवर जे वरचे स्वर उमटले असते ते तीवर कमीच उमटले. त्या बैठकीची हद्द त्याच रात्री, फीत लावणाऱ्याच्या बोटाने ठरून गेली. आता एवढेच पाहायचे की ती आपल्या हातून आणखी खाली येऊ नये.

खर्चाचा हिशेब पूर्वीसारखा राहिलेला नाही. ९६,००० नमुने, चोवीस अंक आणि दोन वाहिन्या धरल्या तर एका तासाच्या गाण्याला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. त्याच गाण्याच्या १२८ दराच्या एमपी-थ्री प्रतीला लागते तिचा छत्तिसावा भाग. १९९५ साली हा फरक घरटी माणसाला झेपणारा नव्हता. आज चौसष्ट गिगाबाइटच्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर अशा पहिल्या प्रकारच्या जवळजवळ तीस तासांच्या मैफली मावतात, आणि चालू स्थितीतले स्पूल यंत्र मिळवण्यास त्याहून कितीतरी अधिक पैसे आणि पायपीट लागते.